स्वस्त फोनचं देखणेपण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात जुने मोबाइल आहेत. बहुतेक सगळे त्या त्या काळातले सर्वांत स्वस्त, आणि निम्मे बंद. घरी येणारं कुणी तो खण उघडलं की ठरावीक प्रश्न सुरू होतात. त्यांची उत्तरं देऊन देऊन पाठ झाली, म्हणून एकदाची लिहून ठेवली.

दोन-तीन हजारांच्या फोनला कसलं आलंय डिझाईन?

डिझाईन म्हणजे वरची नक्षी, असं धरलं तर काहीच नाही. पण महागड्या फोनात सगळं घालता येतं. मोठी बॅटरी घाला, चांगली काच घाला, आणखी एक कॅमेरा घाला, किंमत वाढवा. स्वस्त फोन करणाऱ्याला एका गोष्टीला हो म्हटलं की चार गोष्टींवर फुली मारावी लागते. ती फुली कुणाच्या हाताकडे बघून मारली, हे फोन हातात घेतल्यावर लगेच कळतं. खणातले जे फोन मी आजही बाहेर काढून लोकांना दाखवतो, ते सगळे असे आहेत की त्यांच्यात कुणीतरी एकच गोष्ट मनापासून केलीय.

मग सगळे नोकिया ११०० चंच नाव का घेतात? आठवणींमुळे का?

आठवणी आहेतच, पण फोनही तसा होता. २००३ साली तो आला. त्याच वर्षी मे महिन्यापासून आपल्याकडे इनकमिंग फुकट झालं, त्यामुळे ज्यांनी आयुष्यात फोन घेतला नव्हता अशी माणसं दुकानात येऊ लागली. भाजीवाले, ट्रकवाले, गवंडी. जगभरात हा फोन २५ कोटींहून जास्त विकला गेला. नोकियाचा शंभर कोटीवा फोन २००५ साली नायजेरियात विकला गेला, तोही ११०० च.

आता त्याच्याकडे नीट बघा. कळा सुट्या नाहीत. त्यांच्यामध्ये फट नाही, त्यामुळे पीठ, सिमेंट, रस्त्यावरची धूळ आत जायला जागा नाही. बाजूंना खरखरीत पकड आहे, म्हणजे घामेजल्या हातातून निसटत नाही. वजन ८६ ग्रॅम. डोक्यावर छोटी एलईडी, आणि ‘सी’ची कळ दाबून धरली की ती पेटते. मेनूत शोधायला जायचं नाही, अंधारात अंगठ्यानं जमतं.

सगळ्यात धाडसी गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. या फोनला हिरवी आणि लाल कळ नाहीच. मधली एक मोठी कळ, आणि तिच्यावर पडद्यात जे लिहिलेलं दिसेल तेच ती करणार. फोन आला की उचलणार, बोलणं झालं की ठेवणार, मेनू उघडणार. शेजारी वर-खाली जायची कळ आणि ‘सी’. बस्स. माझ्या आत्याला वाचता येत नव्हतं, पण ‘मधलं दाब’ एवढं तिला पुरत होतं. नंतरच्या मॉडेलांत हिरवी-लाल जोडी आली तेव्हा तिची पंचाईत झाली, कारण आता ‘कुठलं दाबू?’ हा प्रश्न आला.

पण टॉर्च एवढी महत्त्वाची होती का? आता तर प्रत्येक फोनला असते.

२००५-०६ मधलं महाराष्ट्रातलं लोडशेडिंग आठवा, किंवा घरातल्या मोठ्यांना विचारा. शेतीपंपाची वीज रात्री यायची. मोटर चालू करायला विहिरीवर जायचं तर वाटेत विंचूकाटा, साप. गावाकडे टॉर्चला सरळ ‘बॅटरी’ म्हणतात, ‘जरा बॅटरी मार की इकडं’. त्यामुळे या फोनचं नाव आमच्या भागात ‘बॅटरीचा फोन’ पडलं होतं, आणि दुकानदाराला गिऱ्हाईक चार्जिंगबद्दल विचारतंय की उजेडाबद्दल, हे दर वेळी विचारून घ्यावं लागे.

रात्री विहिरीवर जाण्याच्या याच त्रासातून पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ केलं. घरबसल्या मोबाइलवरून पंप चालू-बंद करायचा, आणि तिथे वीज आहे की नाही हेही कळतं. २००९ साली नोकियाच्याच स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं. म्हणजे एकाच अडचणीची दोन उत्तरं. एकानं वाट उजळली, दुसऱ्यानं वाटेनं जायचं कामच संपवलं.

रंगीत बॉडी बदलायची फॅशन कुठून आली?

नोकिया ५११० पासून, १९९८. पुढचं पॅनल हातानं काढून दुसरं बसवता येई. ३२१० आणि ३३१० नं ते घरोघरी नेलं. इथे गंमत अशी की कंपनीनं फक्त एक खटका दिला, बाकी धंदा फूटपाथवाल्यांनी केला. पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत मनीष मार्केटमध्ये पॅनलांच्या माळा लटकत असायच्या. तिरंगा, साईबाबा, फुटबॉल, अंधारात चमकणारी हिरवी. फिटिंग कधीच नीट बसायचं नाही आणि कळ दाबली की करकर वाजायची. तरी वर्षाला दोनदा नवा फोन घेतल्याचं सुख फार थोड्या पैशांत मिळे.

तुमच्या खणातला तो पातळ, कॅल्क्युलेटरसारखा फोन कुठला?

मोटोरोलाचा मोटोफोन एफ३. याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, माफ करा.

२००६ च्या नोव्हेंबरात तो आधी भारतात आणला गेला. जाडी फक्त ९ मिलिमीटर. तेव्हाचे स्वस्त फोन साबणाच्या वडीएवढे जाड होते, ११०० स्वतः २० मिलिमीटरचा. याचा पडदा आजच्या ई-बुक वाचनयंत्रांत असतो तसा, ई-इंकचा. अशा पडद्यावर एकदा उमटलेलं अक्षर टिकवून ठेवायला वीज लागत नाही, बदलतानाच लागते. शिवाय तो कागदासारखा, म्हणजे उन्हात इतर फोन आरसे होतात तेव्हा हा उलट जास्त स्पष्ट दिसतो. वर भलेमोठे आकडे. मेनूतून जाताना फोन बोलून सांगे की तुम्ही कुठे आहात, वाचता न येणाऱ्यांसाठी. इतकं नीट विचार करून केलेलं स्वस्त यंत्र मी दुसरं पाहिलेलं नाही.

आणि तो चालला नाही.

कारण तोच पडदा. त्याच्यावर ठिपके नव्हते, कॅल्क्युलेटरमध्ये असतात तशा ठरलेल्या रेघा होत्या. एका ओळीत सहा अक्षरं, अशा दोन ओळी. देवनागरी सोडाच, इंग्रजीतली लहान अक्षरंही उमटत नसत. एसएमएस आला की तो मोठ्या अक्षरांत, तुकड्यातुकड्यानं सरकत जाई, तार आल्यासारखा. कंपनीनं धरलं होतं की ज्याला वाचता येत नाही त्याला मेसेज कशाला? पण फोन घरातल्या एकाचा नसतो. बापाला वाचता येत नसेल, मुलीला येतं, आणि मेसेज तीच बघते. दुसरं म्हणजे त्याच सुमारास रंगीत पडद्याचे फोन स्वस्त होत होते. दुकानात एफ३ शेजारी रंगीत पडदा ठेवला की एफ३ ‘गरिबाचा फोन’ दिसायचा, आणि गरिबाला नेमका तोच दिसणं नको असतं. माझं मत असं की तिथे दोन ओळींऐवजी चार ओळी ठिपक्यांच्या दिल्या असत्या तर गोष्ट वेगळी झाली असती.

फोन घरात सगळे मिळून वापरतात याचा विचार कुणी केला का?

नोकिया १२०० नं, २००७ मध्ये. त्यात पाच वेगळी फोनबुकं ठेवता येत, आणि एका कॉलला किती वेळ किंवा किती पैसे याची मर्यादा घालता येई. ज्यांनी गावात ‘फोन करून देतो, मिनिटाला इतके’ असा जोडधंदा केला त्यांना ही सोय म्हणजे मीटरच होता.

एकदा चार्ज करून महिनाभर चालणारा फोन खरंच होता?

मायक्रोमॅक्स एक्स१आय, २००८. पेटी जाड, आत १८०० एमएएचची बॅटरी, म्हणजे ११०० च्या दुपटीहून जास्त. स्टँडबाय ३० दिवस असा दावा होता. मायक्रोमॅक्सचे एक संस्थापक राहुल शर्मा यांना पश्चिम बंगालमधल्या बहरामपूरला ट्रकच्या बॅटरीवर चालणारा पीसीओ दिसला, त्यातून हे सुचलं, अशी गोष्ट ते स्वतः सांगत आले आहेत. दिसायला सामान्य फोन, पण ज्या गावात वीज नाही तिथे तो दिसण्यासाठी कुणी घेतलाच नाही.

सॅमसंगनं २००९ मध्ये पाठीवर सौरपट्टी लावलेला ‘सोलर गुरू’ आणला, २७९९ रुपयांना. तासभर उन्हात ठेवा, पाच-दहा मिनिटं बोला. कल्पना झकास, पण फोन उन्हात ठेवून राखण कुणी करायची?

चायना मोबाइल म्हणजे नुसती नक्कल होती ना?

नक्कल भरपूर होती. नावातलं एक अक्षर बदललेले नोकिया मीही पाहिलेत. पण त्याच फोनांनी लोकांना जे हवं होतं ते आधी दिलं. मोठमोठे स्पीकर, म्हणजे ट्रॅक्टरवरही गाणं ऐकू येईल. काडी ओढून टीव्ही लावायची सोय. आणि मुख्य म्हणजे दोन सिम, कारण प्रत्येक कंपनीचे कॉलदर वेगळे आणि आपला माणूस हुशार. दोन्ही सिम एकाच वेळी चालू ठेवणारा नोकिया आपल्याकडे यायला २०११ उजाडलं. या उशिराची किंमत त्यांनी मोजली.

या फोनांची साडेसाती २००९ च्या डिसेंबरात आली. ज्यांना खरा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, नव्हता त्यांचे कॉल सरकारनं बंद करायला लावले. तोवर आमच्या बाजारात निम्मी शोकेस त्यांचीच होती.

आजचे स्वस्त स्मार्टफोन सगळे सारखेच का दिसतात?

कारण बरेचसे खरोखरच एकाच घरातले असतात. फोनवर ज्याचं नाव असतं ती कंपनी तो फोन आखतेच असं नाही. चीनमधल्या हुआचिन, लाँगचीअर यांसारख्या कंपन्या तयार आराखडा देतात, चिप बनवणारे त्या चिपभोवतीचं सर्किट कसं मांडायचं हे आधीच लिहून देतात. मग नाव लावणाऱ्याच्या हातात उरतं काय? पाठीचा रंग, कॅमेऱ्याभोवतीची चौकट आणि खोका.

दुसरं कारण साच्याचं. भोसरीतल्या कुठल्याही मोल्डवाल्याला विचारा, पोलादी साचा कोरायचा म्हणजे आकडा लाखांत जातो आणि वेळ आठवड्यांत. साचा एकदा झाला की त्यातून निघणारा प्रत्येक नग स्वस्त पडतो, म्हणून तोच साचा जितका पिळता येईल तितका पिळायचा. रंगाचं तसं नाही. प्लॅस्टिकच्या दाण्यांत दुसरा मास्टरबॅच, म्हणजे रंगाचे दाणे, टाकले की रंग बदलला. म्हणून जाहिरातीत ‘नवं डिझाईन’ म्हणतात तेव्हा पुष्कळदा नवा रंग असतो.

रंगाला मी कमी लेखत नाही, बरं का. २०१३ च्या नोकिया लुमिया ५२० चं पाठीमागचं कव्हर काढून दुसऱ्या रंगाचं लावता येई, आणि दहा हजारांच्या आसपासचा तो फोन लांबून ओळखू यायचा. वरून रंग फासलेला फोन चावीनं ओरखडला की पांढरा व्रण पडतो. रंग प्लॅस्टिकच्या आतूनच असेल तर ओरखड्याखालीही तोच रंग निघतो.

पाठीवर ऊन पडलं की इंद्रधनुष्य दिसतं. ती काच असते का?

पंधरा हजारांच्या आत असेल तर बहुधा नाही, प्लॅस्टिक असतं. पारदर्शक पत्रा घेतात, त्याच्या आतल्या बाजूला केसाहून बारीक रेषांचं पोत उठवतात आणि त्यावर धातूचा अतिशय पातळ थर निर्वातात बसवतात. रेषांवरून उजेड फुटतो म्हणून रंग हलल्यासारखे वाटतात. धातूचा थर सलग बसला तर अँटेना गुदमरेल, रेंज जाईल. म्हणून तो सुट्या सुट्या कणांचा ठेवतात, चमक धातूची पण वीज वाहत नाही. काम खरंच कौशल्याचं आहे. ही टूम २०१८ मध्ये हुआवेच्या महाग पी२० मुळे जोरात आली आणि वर्षभरात सात हजारांच्या फोनापर्यंत उतरली. आणि मग इतकी झाली की ज्याची पाठ साधी काळी, तोच वेगळा दिसायला लागला.

नखानं टकटक करून बघा. काच टणक वाजते, प्लॅस्टिक बद्द.

स्वस्त फोनची हनुवटी, म्हणजे पडद्याखालची मोकळी जागा, जाड का असते?

पडदा चालवणारी चिप आणि तिची पट्टी खालच्या कडेला असते. स्वस्त एलसीडीत ती चिप थेट काचेवर बसवतात आणि काच काही वाकत नाही, म्हणून तेवढी जागा पडद्याखाली सोडावी लागते. महागड्या फोनात पडद्याचा पायाच प्लॅस्टिकचा असतो, तो मागे दुमडतात.

चार-चार कॅमेऱ्यांचे गोल, सगळे खरे असतात का?

एक खरा. बाकी बहुधा दोन मेगापिक्सेलचे, नावाला. काही फोनांत तर एक गोल नुसताच छापलेला असतो.

कीपॅडवर मराठी अक्षरं असतात, पण लिहिता काही येत नाही. का?

नऊ कळांत बाराखडी कोंबली आहे म्हणून. ‘ज्ञ’ लिहायला किती वेळा दाबावं लागतं ते मोजून बघा. त्यात स्वस्त फोनांत मराठीच्या नावाखाली हिंदीचाच फाँट असे. आपला ‘ल’ आणि शेंडीवाला ‘श’ वेगळा, हे कुणाच्या गावी नसायचं, आणि ‘दुसऱ्या’, ‘वऱ्हाड’ मधला तो ‘ऱ्’ तर फोनांना कित्येक वर्षं जमलाच नाही. भरीस भर म्हणजे देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० च अक्षरं बसतात, रोमनमध्ये १६०. म्हणजे मराठीत लिहिलं की पैसेही दुप्पट. ‘tu kuthe ahes’ ला ‘तू कुठे आहेस’ सारखंच वाचायची सवय आपल्याला लागली, त्यामागे हा हिशेब आहे.

स्मार्टफोन आल्यावर आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाईन शिकवणाऱ्या विभागानं ‘स्वरचक्र’ नावाचा कीबोर्ड केला. व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती चक्र उघडतं आणि त्यावर का, कि, की, कु अशी बाराखडी मांडलेली असते. ज्यानं शाळेत पाटीवर बाराखडी गिरवली आहे त्याला शिकवावं लागत नाही.

जिओफोन देखणा होता का?

नाही. पण वेगळ्या अर्थानं तो महत्त्वाचा आहे. २०१७ मध्ये १५०० रुपये परत मिळणारी अनामत ठेवून तो मिळत होता. बाहेरून साधा कळांचा फोन, आत कायओएस ही ऑपरेटिंग सिस्टीम आणि फोर-जी. लोकांच्या अंगठ्याला दहा-पंधरा वर्षांत जी सवय लागली होती ती मोडायची नाही, आणि तरी व्हिडिओ दाखवायचा, असा तो बेत. २.४ इंचाच्या पडद्यावर गाव सिनेमे बघत होतं. ५ ची कळ दाबून धरली की संकटाचा निरोप जायची सोय त्यात दाखवली होती. साध्या फोनांत ५ किंवा ९ च्या कळेवर अशी सोय हवी, असा नियम सरकारनं २०१६ मध्ये केलाच होता.

हल्लीचा एखादा वेगळा स्वस्त फोन सांगा.

नथिंग कंपनीच्या सीएमएफ ब्रँडचा फोन १, जुलै २०२४. १५,९९९ पासून सुरू झाला, म्हणजे ‘स्वस्त’ हा शब्द ताणून म्हणा. स्क्रू उघडून पाठ काढायची, काळ्याऐवजी नारिंगी लावायची. कोपऱ्यात एक गोल चकती आहे, ती फिरवून काढली की तिथे स्टँड किंवा दोरी अडकवता येते. स्क्रू लपवण्याऐवजी त्यांनी ते मिरवले, हे मला आवडलं. ५११० च्या खटक्याची नात म्हणा. पण एवढे स्क्रू उघडूनही बॅटरी सहज बदलता येत नाही, तेव्हा तोंडात साखर घालून हातात काहीच न दिल्यासारखं वाटतं. पुढच्या वर्षीच्या फोन २ प्रो मध्ये तर पाठ बदलायची सोयही तशी राहिली नाही.

एवढं सगळं, आणि दुकानदार पहिल्याच दिवशी वर सिलिकॉनचं कव्हर घालतो. मग काय उपयोग?

हा प्रश्न माझी बायको विचारते. माझ्याकडे उत्तर नाही. सहा महिन्यांत ते कव्हर पिवळं पडतं, एवढं नक्की.

आई-बाबांसाठी साधा फोन घ्यायचाय, काय बघू?

दुकानात डोळे मिटा आणि अंगठ्यानं ५ शोधा. त्यावरचा उंचवटा चटकन लागला, कळा एकमेकींपासून वेगळ्या कळल्या, तर अर्धं काम झालं. मग टॉर्च एका कळेवर आहे की मेनूत लपवलीय ते बघा. रिंग शेजारच्या खोलीत ऐकू येते का ते दुकानदाराला दूर पाठवून बघा. आणि बॅटरी काढता येणारी असेल तर तीच घ्या. रंग त्यांना निवडू द्या. माझ्या बाबांनी सत्तराव्या वर्षी लाल निवडला, मी काळा घेऊन गेलो होतो.

जुना ११०० आज चालेल का?

टू-जी जिथे आहे तिथे, हो. जिओचं सिम त्यात चालणार नाही, त्यांच्याकडे टू-जी नाहीच. एअरटेल किंवा व्हीआयचं घाला, मोठं सिम लागेल किंवा अडॅप्टर. बॅटरी बीएल-५सी अजून सहज मिळते, कारण तोच आकार नंतर छोट्या रेडिओंनी आणि ब्लूटूथ स्पीकरांनी उचलला. नकली फुगतात, तेव्हा घेताना सपाट पृष्ठभागावर ठेवून गोल फिरवून बघा. गरगर फिरली तर तिचं पोट सुटलंय. माझ्या ११०० मधली बॅटरी गेल्या दिवाळीत बदलली. ‘सी’ दाबून धरल्यावर टॉर्च लागली, सिम मात्र मी घातलेलं नाही.